मोत्याचा पेढा

रंकाळ्यावरून गार वारा सुटला, की आमचा तेरा वर्षांचा मोत्या जिन्याच्या पायथ्याशीच बसकण मारतो. गेल्या दिवाळीत त्याचे कण्हणे ऐकवेना, म्हणून सौभाग्यवतींच्या गुडघेदुखीची डायक्लोफेनॅकची गोळी मी पेढ्यात दडवून त्याला चारली. दुसऱ्या दिवशी ओकाऱ्या, आणि शौचाला डांबरासारखे काळे! पोटात रक्तस्राव झाला होता. पाडव्याचा सण सलाईनच्या बाटलीकडे पाहण्यात गेला.

डॉक्टर रागावले नाहीत. तेच मनाला अधिक लागले. डायक्लोफेनॅक काय, आयब्युप्रोफेन काय, कुत्र्याचे जठर नि मूत्रपिंड दोन्ही बिघडवते. पॅरासिटामॉल जास्त झाले, की यकृतावर घाला. मांजराला तर एक गोळीही जिवावर बेतते. (गुरांच्या मढ्यांतले डायक्लोफेनॅक पोटात जाऊन गिधाडे मेली, म्हणून ते जनावरांसाठी २००६ सालीच बंद झाले. हे मला ठाऊक होते बरे का! पण कुत्रा म्हणजे काही गिधाड नव्हे, असे वाटले.)

आता मोत्याला मेलॉक्सिकॅम मिळते. रक्त तपासून, वजनावर बेतून, जेवणानंतर, दिवसातून एकदा. ओकारी झाली, की औषध थांबवून थेट दवाखाना. वजन उतरवले, गुळगुळीत फरशीवर सतरंजी आली, निजायला जाड घोंगडी. हल्ली तो चार पायऱ्या चढतो.

पेढा मात्र माझ्या हातून अजून घेत नाही.