तेलभक्षी जिवाणूंचा साबण

उत्तर समुद्रातील बोर्कुम बेटाजवळ सापडलेल्या आणि १९९८ मध्ये शास्त्रीय वर्णन झालेल्या ‘अल्कॅनिव्होरॅक्स बोर्कुमेन्सिस’ या जिवाणूचे अन्न म्हणजे हायड्रोकार्बन, अर्थात कार्बन आणि हायड्रोजन यांनीच बनलेली, खनिज तेलातील मुख्य संयुगे होत. तेल पाण्यात विरघळत नसल्याने हा जिवाणू शर्करा व मेदाम्ले यांच्या जोडणीतून पृष्ठसक्रियक, म्हणजे तेल आणि पाणी यांच्या सीमेवरील ताण कमी करणारा पदार्थ, तयार करतो. त्याच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे, तर दुसरे तेलाकडे ओढले जात असल्यामुळे तवंग बारीक थेंबांत फुटतो आणि जिवाणूंना चिकटण्यासाठी अधिक पृष्ठभाग मिळतो.

मेक्सिकोच्या आखातात २०१० मध्ये ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलविहीर-मंचावरील दुर्घटनेनंतर सांडलेल्या तेलाचा तवंग फोडण्यासाठी सुमारे ७० लाख लिटर रासायनिक विखुरक वापरले गेले आणि सागरी जीवांवरील त्यांच्या परिणामांचा वाद अद्याप शमलेला नाही. म्हणूनच जिवाणूंनी घडवलेल्या, निसर्गात सहज विघटन पावणाऱ्या या पदार्थांकडे धोरणकर्त्यांनी गांभीर्याने पाहायला हवे. मात्र जिवाणू सोडले की किनारा स्वच्छ होतो, हा समज घातक आहे. तेलात कार्बन विपुल असला तरी वाढीस आवश्यक नायट्रोजन व फॉस्फरस अपुरे पडतात, आणि त्यामुळेच १९८९ मध्ये ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ जहाजातून तेल सांडल्यावर अलास्काच्या किनाऱ्यावर खते टाकावी लागली.

गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या सुमारास येणाऱ्या तेलाच्या डांबरी गोळ्यांवर तर जिवाणूंचे हे विघटनाचे काम फारच मंद चालते, कारण हलके घटक उडून गेल्यावर उरलेली जड संयुगे त्यांना सहजी पचत नाहीत. तेथे गळती उगमाशीच रोखणे आणि दोषी जहाजाकडून खर्च वसूल करणे, हेच शासनाचे पहिले काम ठरते.