सही करण्याआधी चार प्रश्न विचारा

वेगाने वाढणाऱ्या लिम्फोमाच्या, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगाच्या रुग्णाला मोठ्या दवाखान्यात कधी विचारले जाते, “नव्या औषधांच्या चाचणीत येता का?” घरात लगेच दोन मते पडतात. एक म्हणतो, “आपल्यावर प्रयोग करणार.” दुसरा म्हणतो, “डॉक्टर सांगतात तिथे सही कर.” माझ्या मते दोन्ही वाटा चुकीच्या आहेत.

गरिबांना अंधारात ठेवून प्रयोग झाल्याचा इतिहास जगात आहे, म्हणून भीती उगीच नाही. पण चाचणीच झाली नाही तर काय होते, तेही पाहा. या आजारावर १९७० च्या दशकापासून ‘चॉप’ हा चार औषधांचा संच देत. पुढे सहा किंवा त्याहून जास्त औषधांचे संच आले. लहान अभ्यासांत ते सरस वाटले. मग अमेरिकेत ८९९ रुग्णांवर चॉप आणि असे तीन संच यांची थेट तुलना झाली. कोणाला कोणता संच, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले होते. १९९३ साली निकाल आला. तीन वर्षांनी चारही गटांत साधारण निम्मे रुग्ण जिवंत होते. औषधांच्या दुष्परिणामांनी मात्र चॉपमध्ये शंभरात एक दगावला, तर इतर गटांत तीन ते सहा. औषधे वाढली, गुण वाढला नाही.

उलट, २००२ साली फ्रान्समधील डॉक्टरांनी ६० ते ८० वयाच्या ३९९ रुग्णांवरील चाचणीचा निकाल मांडला. चॉपला रिटुक्सिमॅबची जोड दिल्यावर दोन वर्षांनी शंभरात ७० रुग्ण जिवंत होते. नुसत्या चॉपवर ५७. आज हा उपचार जगभर दिला जातो, तो त्या रुग्णांनी होकार दिला म्हणून.

तेव्हा चाचणीला घाबरू नका, पण सही करण्याआधी विचारा: नव्या उपचाराची तुलना कशाशी आहे? नेहमीचा चांगला उपचार मला मिळेल ना? दुष्परिणाम कोणते? त्रास झाला तर खर्च कोण करणार?

आपल्या देशातील २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई हा रुग्णाचा हक्क आहे. वाचता येत नसेल तर तटस्थ साक्षीदारासमोर सगळे समजावून सांगावे लागते. चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येते. वस्तीतील शिकलेल्या मुलामुलींनी अशा वेळी रुग्णासोबत जावे आणि कागद वाचून दाखवावा. समजून दिलेला होकारच खरा होकार.