घाटाचा उतार आणि सायकल: शर्यतीतला वेग पसरणी घाटात का चालत नाही?

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात 'पुणे ग्रँड टूर' ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. तिचे व्हिडिओ पाहून अनेकांनी रोड बाईक, म्हणजे अरुंद टायरची आणि वाकड्या हँडलची सायकल, घाटाकडे वळवली. सातारकरांना पसरणी, यवतेश्वर आणि केळघर घाट जवळचे. सांगलीकरांना कराड-चिपळूण रस्त्यावरचा कुंभार्ली घाट. पण कृष्णाकाठच्या सपाट रस्त्यावर कमावलेला दम चढ चढवतो, उतार उतरवत नाही. ते कसब वेगळं आहे.

शर्यतीत आणि आपल्यात फरक काय?

शर्यतीत रस्ता बंद असतो. त्यामुळे रायडर वळणावर रस्त्याची पूर्ण रुंदी वापरतो. बाहेरून येतो, आतली कड गाठतो, पुन्हा बाहेर जातो. हेच पसरणी घाटात केलं, तर उजव्या वळणावर तुम्ही थेट समोरून चढणाऱ्या एसटीच्या पुढ्यात येता. आपल्याला फक्त डावी बाजू मिळते. वेग त्याच हिशेबाने ठरवायचा.

रस्ता बंद असूनही धोका संपत नाही. जून २०२३ मध्ये 'टूर द स्विस' शर्यतीत आल्बुला घाट उतरताना स्वित्झर्लंडचा व्यावसायिक सायकलपटू जीनो मेडर दरीत कोसळला आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. त्याआधी, एप्रिल २०२१ पासूनच, सीट सोडून फ्रेमच्या आडव्या दांडीवर बसून उतरायला आंतरराष्ट्रीय महासंघाने बंदी घातली होती.

वेग दुप्पट, तर थांबायला किती अंतर?

चौपट. कोरड्या सपाट रस्त्यावर ताशी ३० किमी वेगात ब्रेक दाबल्यावर साधारण ७ मीटर लागतात, ६० ला सुमारे २८. ब्रेक दाबायचं सुचेपर्यंतचं अंतर वेगळं. उतारावर आणि ओल्या रस्त्यावर हे आकडे आणखी वाढतात.

ब्रेक सतत धरून ठेवावा का?

नाही. पाचगणी ते वाई उतार पाचशे मीटरहून जास्त आहे. सायकलसह ८० किलो वजन तेवढं खाली आणताना जी ऊर्जा सुटते, ती एक लिटरहून जास्त पाणी उकळीला आणेल. हळू उतरताना यातली बरीचशी ब्रेकमध्ये जाते. रिम ब्रेक असेल तर रिम तापून ट्यूब फुटू शकते. म्हणून थोडा वेळ नीट दाबा, सोडा, गार होऊ द्या.

वळण कसं घ्यायचं?

• हात हँडलच्या खालच्या वाकात ठेवा, ब्रेकवर पकड चांगली बसते.
• दोन्ही ब्रेक वापरा आणि वेग वळणाच्या आधी कमी करा. झुकलेल्या सायकलवर जोरात ब्रेक म्हणजे घसरणं.
• बाहेरच्या बाजूचं पेडल खाली ठेवून त्यावर भार द्या.
• नजर खड्ड्यावर नको, जिथे जायचं तिथे ठेवा.
• जेवढा रस्ता दिसतो, तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग ठेवा.

आणि हेल्मेट?

मोटार वाहन कायद्यातली हेल्मेटसक्ती दुचाकी मोटारवाहनांना आहे, सायकलला नाही. पण उतारावर तुमचा वेग स्कूटरएवढाच असतो आणि अंगावर असते एक पातळ जर्सी. त्यामुळे घाटात निघण्याआधी हेल्मेटचा पट्टा लावा, ब्रेक पॅड आणि टायर तपासा. वेग घ्यायचाच, तर पुढचं वळण मोकळं दिसतं अशा सरळ पट्ट्यात घ्या.