गंजाचे अर्थकारण

कुर्ल्याच्या कारखान्यात होणारे प्रीमियर पद्मिनीचे उत्पादन थांबून दोन तपे उलटली. मुंबईतील शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून गेली. आता जे हौशी मालक ही मोटार जपत आहेत, त्यांची खरी लढाई इंजिनाशी नसून पाण्याशी आहे.

या मोटारीला वेगळी चौकट नाही. पत्र्याचा सांगाडा हेच तिचे बळ. पुढच्या काचेचे रबर वाळून आकसले, की पावसाचे पाणी त्याखालून झिरपते आणि पायाखालच्या गालिच्याखाली साचून राहते. दारांच्या तळाशी असलेली निचऱ्याची भोके चिखलाने बुजली, की दारेही आतून सडू लागतात. रंगावर फोड दिसतो तेव्हा आतल्या पत्र्याची बहुधा चाळण झालेली असते.

अशा वेळी गॅरेजात लांबी भरून वर रंग मारला जातो. कारागिराला दोष देणे सोपे आहे. पण गिऱ्हाईक पैसे मोजते ते चकाकीचे! अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० साली नेमक्या जुन्या मोटारींच्याच उदाहरणावरून दाखविले होते, की मालाचा गुण ग्राहकाला पारखता येत नसेल तर चांगल्या मालास योग्य किंमत मिळत नाही. पाण्याचा मार्ग शोधणे, सडका पत्रा कापून नवा जोडणे, पोकळ भागांत गंजरोधक सोडणे, हे सारे कष्ट रंगाखाली झाकले जातात. त्यांची मजुरी देताना मालक कुरकुरतो, आणि एकदोन पावसाळ्यांत तोच फोड पुन्हा वर येतो.

रंग चढण्यापूर्वी मालकाने उघडा पत्रा स्वतः पाहावा, काचेवर नळीने पाणी सोडून आतला गालिचा चाचपावा आणि या कामाची मजुरी रंगाच्या बिलात न मिसळता वेगळी द्यावी.