करंगळी

पहिली-दुसरीच्या वर्गात दिवसभर करंगळ्या वर होत असतात. ‘बाई, एकी.’ पंधरा मिनिटांनी पुन्हा ‘बाई, एकी.’ आम्ही शिक्षक त्याला कंटाळतो, ओरडतोसुद्धा. आमच्या दुसरीतल्या एका मुलाची करंगळी मात्र कधीच वर झाली नाही आणि ते माझ्या दोन महिने लक्षातही आलं नाही. एका संध्याकाळी त्याची आई सहज बोलून गेली, ‘बाई, ह्याची बाटली रोज भरलेलीच येते घरी. मी ते पाणी तुळशीला घालते.’

त्याला सेरेब्रल पाल्सी होती. पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकायचे, आधाराशिवाय उभं राहता यायचं नाही. पाणी प्यायलं तर जावं लागणार आणि उचलून नेणारं शाळेत कुणी नाही. म्हणून सकाळी साडेदहापासून संध्याकाळी पाचपर्यंत पाणीच प्यायचं नाही, असं त्या सात वर्षांच्या पोराने मनाशी ठरवून टाकलं होतं. शाळा चुकवायची नव्हती त्याला.

जिल्हा परिषदेच्या त्या शाळेच्या मुख्याध्यापकाचा कार्यभार तेव्हा माझ्याकडे होता. ३० सप्टेंबरच्या पटावरून संचमान्यता ठरते, म्हणजे शाळेला किती माणसं द्यायची ते. शिक्षण हक्क कायद्याच्या हिशेबाने प्राथमिक शाळेचा पट साठपर्यंत असेल तर दोन शिक्षक आणि एकसष्ट झाला की तीन. आमचा पट त्या वर्षी बरोबर एकसष्ट होता आणि सगळ्यांत शेवटी, ऑगस्टमध्ये, दाखल झालेला मुलगा हाच. त्याच्या नावाने शाळेला तिसरा शिक्षक मिळाला. त्याला स्वतःला कुणी मिळालं नाही. संचमान्यतेच्या तक्त्यात मूल एक आकडा असतं. त्याला चालता येतं की नाही, हे त्या आकड्यात दिसत नाही आणि मदतनीस नावाचं पदही त्यात नसतं.

शेवटी धावून आल्या त्या पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी. खिचडीचं पातेलं उतरवायचं, हात धुवायचे, पदर खोचायचा आणि त्याला कडेवर घ्यायचं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, त्याचे पैसेही मिळत नव्हते. आम्ही वेळा ठरवून घेतल्या: साडेअकरा आणि अडीच. सोबतीला घंटेजवळचा चौथीतला एक मुलगा, दार धरायला. तीनेक आठवड्यांनी, गणिताच्या तासाला, ती करंगळी पहिल्यांदा वर झाली. मी पाढे म्हणून घेत होते, ते थांबवून त्याच्याकडे बघत राहिले.

समग्र शिक्षा योजनेतून मदतनीस भत्त्याची सोय आहे, हे मला ठाऊक आहे. नंतर तो मिळाला आणि आई शाळेत येऊन बसू लागली. भत्ता अगदी थोडा, त्यापायी तिची शेतातली मजुरी बुडायची. आणि आणखी एक गोष्ट घडली, ती मला अजून टोचते. आई मागे बसली, तशी त्याच्या शेजारची मुलं एकेक करून सरकली. मोठं माणूस सोबत असलं की खोड्या करता येत नाहीत, डबा वाटून खाता येत नाही. म्हणून दिवसभर चिकटून बसणाऱ्या माणसाची मागणी मी सरसकट करणार नाही. काही मुलांना ते लागतं, स्वतःला इजा करून घेणाऱ्या किंवा एकाएकी वर्गाबाहेर पळणाऱ्या मुलांना तर लागतंच. पण पुष्कळांना दिवसातून चार वेळा दहा-दहा मिनिटं लागतात. त्या मिनिटांना मात्र कुणीतरी हजर हवं.

सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ च्या रजनीश कुमार पांडेय खटल्याच्या निकालात विशेष शिक्षकांचं प्रमाण सांगितलं: प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक, पुढच्या वर्गांना पंधरांमागे एक. त्याची अंमलबजावणी करून घ्यायला न्यायालयाला मार्च २०२५ मध्ये राज्यांना पुन्हा आदेश द्यावे लागले. आपल्या राज्याने २०२४ मध्ये ४,८६० विशेष शिक्षकांची पदं मान्य केली, केंद्रामागे एक. वर्षानुवर्षं कंत्राटावर राबलेल्या विशेष शिक्षकांना त्यामुळे पायाखाली जमीन मिळाली, त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण एका केंद्रात दहा-पंधरा शाळा असतात. विशेष शिक्षक मंगळवारी आमच्याकडे आले, तर बुधवारी पुढच्या गावात. ते वाचन शिकवतील, व्यायाम दाखवतील, वर्गशिक्षकाला मार्ग दाखवतील. बुधवारी साडेअकराला ते नसणार. शिकवणारा आणि उचलणारा ही दोन वेगळी कामं आहेत आणि आपण नेहमी पहिल्याचीच पदं मोजतो.

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा फक्त सरकारी शाळांपुरता नाही. मान्यता असलेल्या प्रत्येक शाळेत मुलाच्या गरजेप्रमाणे सोय झाली पाहिजे, असं तो म्हणतो. तरी शहरातल्या शाळा पालकांना ‘शॅडो टीचर तुम्हीच आणा, पगारही तुम्हीच द्या’ असं बिनदिक्कत सांगतात.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत दुसऱ्या एका शाळेतली सातवीतली एक मुलगी शाळेतून गेली. बौद्धिक अक्षमता होती, पण गाणी सगळी पाठ, परिपाठाला पहिली उभी राहायची. पाळी सुरू झाली. पॅड बदलायला मदत लागायची आणि त्या शाळेत तेव्हा एकही बाई नव्हती, सगळे गुरुजी. गुरुजी भले होते. त्यांनी तिच्या आजीला बोलावून घेतलं, आजी चार-सहा वेळा आली, मग आजीचे गुडघे गेले. मुलगी घरी राहिली. हजेरीपटावर वर्षभर तिचं नाव होतं. मुलींसाठी मदतनीस बाईच हवी, इतकी साधी गोष्ट कुठल्या नियमात लिहावी लागावी, याचं मला फार वाईट वाटतं.

मुख्याध्यापकांनो, येत्या सप्टेंबरात पटाची माहिती भराल, तेव्हा तिला एक जादा कागद जोडा. मुलाचं नाव नको, प्रमाणपत्रावरची टक्केवारीही नको. फक्त वेळा लिहा: शाळेत उतरताना, साडेअकरा, जेवताना, अडीच, सुटताना. प्रत्येक वेळेपुढे काय करावं लागतं आणि सध्या ते कोण करतं. शेजारच्या दोन शाळांचे कागद एकत्र ठेवले, तर अर्ध्या दिवसाच्या एका मदतनिसात किती मुलांचं भागतं, हे कुणालाही दिसेल. मी असा कागद एकदा जोडला होता. ‘असा रकाना नाही’ म्हणून तो परत आला. ‘सध्या कोण करतं’ याच्यापुढे मी ‘खिचडीच्या मावशी’ असं लिहिलं होतं. कागद अजून माझ्याकडे आहे.