दिवाळीतले मुलांचे काम

२०२४ साली नरकचतुर्दशी आणि हॅलोवीन एकाच दिवशी, ३१ ऑक्टोबरला आले. आमच्यापैकी एक जण तेव्हा टोरांटोला भावाकडे होता. त्याने परतल्यावर जे सांगितले, ते या टिपणाचे निमित्त.

भावाची नऊ वर्षांची मुलगी पहाटे उटण्याला कुरकुरत उठली, चकली खाऊन शाळेत गेली. संध्याकाळी मात्र तीच मुलगी, आपण कोरलेला भोपळा दारात ठेवून आणि सोंग घेऊन, शेजारची घरे उत्साहाने हिंडून आली. यावरून 'परदेशातल्या मुलांना आपले सण नकोसे झाले' असा निष्कर्ष काढण्याची रीत आहे. आम्हांला तो मान्य नाही. त्या दुसऱ्या सणात मुलीला करायला काही होते. दिवाळीत तिच्यासाठी सारे आधीच करून ठेवलेले होते, एवढाच याचा अर्थ.

उत्तर अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळे आणि १९८१ साली स्थापन झालेले बृहन्महाराष्ट्र मंडळ यांनी सणवार व मराठी शाळा टिकवण्यासाठी घेतलेले कष्ट आम्ही कमी लेखत नाही. दिवाळी कामाच्या दिवशी आली की ती शनिवारी सभागृहात साजरी करावी लागते, हेही समजण्यासारखे आहे. पण त्या कार्यक्रमात गाणे निवडतात पालक, नाच बसवतात पालक आणि टाळ्या वाजवतात तेही पालकच. मुलांच्या वाट्याला येते ते आई-वडिलांच्या स्मरणरंजनातले एक पात्र.

वास्तविक महाराष्ट्रातल्या दिवाळीत मुलांचा स्वतंत्र प्रांत होता. किल्ला हे त्यांचे काम. दगड-विटा रचायच्या, गोणपाट अंथरायचे, चिखल कालवून लिंपायचा, वर अळीव पेरून हिरवळ उगवण्याची वाट पाहायची, मग मावळे मांडायचे. मोठ्यांनी त्यात नाक खुपसलेले कुणाला खपत नसे.

आमच्या मित्राने त्या आठवड्यात भाचरांप्रमाणेच पुतणीलाही सुट्टीच्या दिवशी गॅरेजमध्ये कामाला लावले. रिकामी खोकी, बागेतली माती, जुनी चादर एवढे साहित्य पुरले. अळीव भारतीय वाणसामानाच्या दुकानात मिळाले. "काका, हे लिंपायचं की थापायचं?" असे ती तिसऱ्या दिवशी विचारू लागली. बुरूज ढासळला तेव्हा 'ढासळला' हा शब्दही तिला मिळाला. मराठी शाळेच्या पुस्तकातून हे शब्द तिने पाठ केले असते. पण चिखलाने भरलेल्या हातांना त्यांची गरज पडली, म्हणून ते तिचे झाले. भाषा पुढच्या पिढीकडे जाते ती अशी, कामाच्या आधाराने. केवळ 'मराठीत बोल' असे बजावून ती जात नाही, हे आम्ही अध्यापक अनुभवाने जाणतो.

हा प्रश्न केवळ परदेशाचा असता तर आम्ही लिहिलेही नसते. आज पुण्याच्या बाजारात तयार किल्ले विकत मिळतात, आणि पदवीच्या वर्गात 'लिंपणे' व 'सारवणे' यांतला फरक आम्हांला समजावून सांगावा लागतो. टोरांटोच्या पालकांना निदान आपण काय गमावत आहोत याची रुखरुख आहे. आपल्याला ती नाही.

म्हणून परदेशी गेलेल्या आमच्या विद्यार्थ्यांना आणि इथल्या पालकांनाही आमचे एकच सांगणे आहे. सण मुलांना दाखवू नका; त्यातला एक तुकडा त्यांच्या हवाली करा. किल्ला वाकडा होईल, फरशी मळेल, आकाशकंदील एका बाजूला कलेल. तसा तो कलू द्यावा.