दुसऱ्या पाळण्याची खोली

पहिल्या अपत्याच्या वेळी व्यापारी घराचा हातही सैल सुटतो. माहेरचे, सासरचे, पेढीवरचे, शेजारचे सगळेच काही ना काही घेऊन येतात आणि आलेले कुणी मोजत नाही. दुसऱ्या वेळी मात्र परिस्थिती निराळी असते. थोरल्याच्या शाळेची फी सुरू झालेली असते, दुकानात माल अडकलेला असतो, आणि जुने सामान माळ्यावर आहे हे सर्वांनाच ठाऊक असते. तरीही सुनेच्या मनात एक बोच राहते, की धाकट्याच्या वाट्याला सगळे जुनेच का यावे? या बोचीपोटीच पुष्कळ घरांत नको तो खर्च होतो. भिंतभर चित्रांचा कागद, छताला कापसाचे ढग, रंगीत दिव्यांची माळ, आणि या साऱ्याचे पैसे पुढच्या सहा महिन्यांच्या हप्त्यांत.

खोली सजवण्याला आमचा विरोध नाही. प्रश्न इतकाच, की ती सजावट कुणासाठी करावयाची? नुकत्याच जन्मलेल्या बाळाला सुमारे वीस ते तीस सेंटिमीटरपर्यंतचेच काय ते स्पष्ट दिसते, म्हणजे अंगावर पिताना आईचा चेहरा जितका जवळ असतो तितकेच. समोरच्या भिंतीवरील हत्ती आणि जिराफ त्याच्या दृष्टीने अद्याप अस्तित्वातच नसतात. ते पाहणारे डोळे घरात एकाच मुलाचे आहेत, ते थोरल्याचे. आपले स्थान या घरात शिल्लक आहे की नाही, हे तो त्या खोलीवरूनच वाचत असतो. म्हणून बाळासाठी भिंत आणि बिछाना, आणि सजावट थोरल्यासाठी, अशी पैशांची वाटणी आम्ही सुचवितो.

भिंतीचा विचार नागावच्या घराला धरून करू, कारण समुद्रकाठची हवा कोणतीही वरवरची सजावट एका पावसाळ्यात उघडी पाडते. अष्टागरातील हे गाव नारळी-पोफळीच्या दाट सावलीत वसलेले आहे. उन्हाळ्यात ही सावली सुखाची, पण चातुर्मासात तीच भिंतीला वाळू देत नाही. जांभ्या दगडाच्या भिंतीत ओल मुरते, खाऱ्या हवेने लोणा लागतो, वरचा रंग पोपडे होऊन सुटतो आणि कपाटामागे काळी बुरशी धरते. अशा भिंतीवर चित्रांचा कागद चिकटविणे म्हणजे ओल आत कोंडून ठेवणे होय. कागदाखालची खळ बुरशीला अन्नच पुरविते, आणि तान्ह्याच्या श्वासाला बुरशीची हवा निश्चितच हितकर नाही.

तेव्हा पहिला रुपया रंगाऱ्याला न देता कौले शाकारणाऱ्याला द्यावा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेकडील किनाऱ्यावर आदळले, तेव्हा या पट्ट्यातील किती छपरे उडाली आणि किती वाड्या आडव्या झाल्या, हे येथील लोक विसरलेले नाहीत. त्यानंतर घाईने बसविलेली कौले वा पत्रे अजून कुठे कुठे ठिबकत असतील, तर ती गळती आधी शोधावी. पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या पायाशी साचत असेल तर त्याला वाट काढून द्यावी. मग भिंत वाळू द्यावी आणि त्यानंतर चुना. चुन्याचे दोन हात, त्यात किंचित नीळ, ही जुनी रीत आजही स्वस्तात स्वस्त आहे. चुन्याची भिंत श्वास घेते आणि त्याच्या क्षारतेमुळे बुरशी सहज धरत नाही. मात्र ओला चुना डोळ्यांना व कातडीला भाजतो. ते काम गर्भवतीने करू नये आणि थोरल्यालाही त्या दिवशी आजीकडे पाठवावे. जेथे मुलाचा हात-खांदा सतत घासतो त्या खालच्या भागाला, भिंत कोरडी असेल तर, धुता येणारा रंग द्यावा. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत नव्वद भागांपेक्षा अधिक नसावे, असा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. म्हणून माळ्यावर पडलेला त्यापूर्वीचा डबा ‘वाया कशाला घालवायचा’ या हिशेबाने मुळीच उघडू नये. खिडकीचा जुना रंगही कोरडा घासू नये. त्याची धूळ उडते, ती ओली करूनच काढावी.

जुन्या घरांतील बाळंतिणीची खोली आठवते ती अंधारी, दारे लावलेली, शेगडीची आणि ओव्याच्या धुरीची. पावसाळी कोकणात उबेची गरज खरीच होती, परंतु कोंडलेला धूर मात्र बाळाने का सोसावा, हे आम्हाला कधीच पटलेले नाही. आनंदीबाई जोशी या पतीच्या टपालखात्यातील नोकरीमुळे काही काळ अलिबागला राहिल्या होत्या. त्यांचे एकुलते मूल अवघ्या दहा दिवसांचे होऊन गेले. पुढे १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो प्रसूतिशास्त्राचाच. खोली उबदार असावी, पण एक खिडकी उघडी असावी. डासांसाठी धुराची उदबत्ती न लावता मच्छरदाणी घ्यावी. आणि पावसात न वाळणारी दुपटी व लंगोट बाळाच्याच खोलीत दोरीवर टांगू नयेत, त्याने खोलीतील ओल वाढते. पंखा असलेली दुसरी जागा त्यासाठी राखून ठेवावी. खरे सांगायचे तर या किनाऱ्यावर बाळाच्या घरातील सर्वांत मोलाची सोय हीच आहे.

आता बिछाना. माळ्यावरचा सागवानी पाळणा अवश्य उतरवावा, पण त्याला नव्या मालासारखे पारखून घ्यावे. गजांमधील अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा अधिक असेल तर बाळाचे अंग त्यातून निसटून डोके अडकू शकते. मध्ये आडवी पट्टी ठोकून घ्यावी, नाहीतर तो पाळणा शोभेपुरताच ठेवावा. भुंग्याने पोखरलेले लाकूड, हलणारी खुंटी, टोकदार पितळी फूल, सगळे तपासावे. कड्या ज्या तुळईला आहेत ती वादळानंतर बदललेली असेल, तर तीस किलो तांदळाचे पोते पाळण्यात ठेवून एक दिवस झोके द्यावेत. दुकानदाराच्या घरी यासाठी वेगळा खर्च नाही. गादी सपाट व घट्ट हवी, मऊ लोळ नको. बाळाला पाठीवर निजवावे आणि पाळण्यात उशी, लोड, मऊ खेळणी, कडेचे जाडसर आवरण यांपैकी काहीही नसावे. ही कडेची आवरणे दिसायला देखणी असतात, पण श्वास कोंडण्याच्या भीतीने अमेरिकेने २०२२ मध्ये कायदा करून त्यांची विक्रीच थांबविली. कापडी झोळीत थोडा वेळ रमवायला हरकत नाही, पण रात्रीची झोप सपाट जागीच हवी. आणखी एक. पहिले सहा महिने तरी बाळाचा बिछाना आईच्याच खोलीत असावा, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. म्हणजे वेगळ्या खोलीवरील खर्च टाळला तर आपण बाळाचे काही हिरावून घेत नाही.

उरलेले बरेचसे घरातच आहे. तान्ह्याला पहिले अंगडे जुन्या मऊ कापडाचे घालावे ही आपल्याकडील रीत कंजूषपणाची नाही, ती त्वचेची काळजी आहे. थोरल्याची झबली-टोपडी उकळून, उन्हात वाळवून घ्यावीत. पडद्याला कापडदुकानातील सुती कटपीस पुरतात. पेढीवरची जुनी गादी पिंजून घेतली, मागे तक्क्या ठेवला, की आईला पाजायला उत्तम बैठक होते. ती पुरेशी रुंद असावी, कारण शेजारी थोरल्याला बसायचे आहे. पाळण्यावर टांगायचे चिमणाळे जुने असेल तर दोरे बदलावेत. नवी खेळणी घ्यायचीच तर सावंतवाडीची लाकडी खेळणी आपल्या कोकणातीलच आहेत. कारखान्यातील खेळण्यांवर आयएसआयचे चिन्ह असणे १ जानेवारी २०२१ पासून बंधनकारक आहे, एवढे पाहून घ्यावे. झापांची वा पोफळीच्या विरीची सजावट मोहक दिसते, पण पावसात तिला बुरशी येते. ती दिवाळीनंतरच्या बाळासाठी ठीक.

आता मुख्य गोष्ट. थोरल्याची निजण्याची जागा बदलायची असेल तर ती बाळ येण्यापूर्वी दोन-तीन महिने तरी बदलावी. बाळ आले आणि त्याच आठवड्यात त्याचा पलंग हलला, तर त्याच्या मनात हिशेब सरळ आहे: हा आला आणि मला उठवले. पाहुण्यांसमोर ‘आता तुझे लाड संपले’ अशी थट्टा करण्याची आपल्याकडे सवय आहे. ती ज्येष्ठांनीही सोडावी. ती थट्टा मोठ्यांना दोन क्षणांची वाटते, मूल मात्र ती कित्येक दिवस मनात घोळवत राहते. जुन्या वस्तूंतील काय धाकट्याला द्यायचे हे त्याला विचारावे आणि एक पेटी अशी ठेवावी की तिला कुणी हात लावायचा नाही. एखाद्या आवडत्या गोधडीला तो नाही म्हणाला, तर ते मान्य करावे. गोधडी दुसरी शिवता येते.

सजावट त्याच्याच हातची असू द्यावी. पांढऱ्या पुठ्ठ्यावर काळ्या रंगाने ठसठशीत वर्तुळे, पट्टे, मासा, होडी काढायला सांगावे. नवजात बालकाला असा ठळक काळा-पांढरा भेदच आधी कळतो. बाळ जागे असताना ती चित्रे त्याच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर थोरल्यानेच धरावीत, आणि बाळ टक लावून पाहते तो क्षण त्याला पाहू द्यावा. चुन्याच्या भिंतीवर, त्याच्याच उंचीवर, गेरूचे हाताचे ठसे उमटवू द्यावेत. नागावच्या किनाऱ्यावरून त्याने वेचून आणलेले शंख-शिंपले पाळण्यावर न टांगता खिडकीच्या वरच्या चौकटीला बांधावेत. गोट्या, नाणी, आणि विशेषतः खेळण्यांतील बटणासारखे चपटे सेल त्याच्या उंच फळीवरील झाकणाच्या डब्यात जावेत. असा सेल पोटात गेला तर दोन तासांच्या आतही अन्ननलिका भाजू लागते, अशा वेळी वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे.

बारशाला काय आणू असे विचारणाऱ्यांना संकोच न करता सांगावे: मच्छरदाणी, सुती दुपटी, आणि एक वस्तू थोरल्यासाठी. काढलेली चित्रे पावसात ओलसर होऊन वाकतात, दर पंधरवड्याला नवी काढावी लागतात. त्यासाठी लागणारा कोरा पुठ्ठा दुकानात मालाबरोबर रोज येतोच.